हेल्मेट घातलं, पण बाकीच्या अंगाचं काय? ऊन-पावसात दुचाकी चालवताना नेमकं काय घालायचं?

नवी दुचाकी विकताना ग्राहकाला एक नाही, दोन हेल्मेट द्यावीत, असा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२५ मध्ये काढला. ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणा नव्या दुचाक्यांना सक्तीची करण्याचा प्रस्तावही त्याच वेळी पुढे आला. सोशल मीडियावर लगेच वाद सुरू झाला. गाड्या किती महागणार? दुसरं हेल्मेट ठेवायचं कुठे?

या सगळ्या चर्चेत दोनच गोष्टी होत्या, डोकं आणि ब्रेक. पण गाडीवरून पडणारा माणूस फक्त डोक्यावर पडत नाही. पडताना आपण आपोआप हात पुढे करतो. मग गुडघा, कोपर, खांदा आणि कंबर रस्त्यावर घासत जाते. त्या भागांवर आपण काय घातलंय, याबद्दल ना कायदा काही विचारतो, ना शोरूमवाला, ना घरचे.

छत्रपती संभाजीनगरमध्ये तर हा प्रश्न रोजचा आहे. हे दुचाकी बनवणारं शहर. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून आहे. गाड्यांचे ब्रेक आणि शॉकअब बनवणारी एन्ड्युरन्स इथलीच. बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना उभारणार असल्याचं एथर एनर्जीने २०२४ मध्ये जाहीर केलं. शहरात लोकल नाही, मेट्रो नाही. सिडको-हडकोतून वाळूजला, चिकलठाण्याला किंवा शेंद्र्याला शिफ्टला जाणाऱ्या हजारो लोकांचा भरवसा दुचाकीवरच. म्हणून या शहराच्या नजरेतून समजून घेऊया, की दुचाकीवर नेमकं काय घालावं, कोणत्या क्रमाने घ्यावं आणि यात चुकतंय कुठे.

कायदा नेमकं काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे, मग तो चालवणारा असो की मागे बसणारा. पगडी घालणाऱ्या शिखांना यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित, अशी कायद्यात तरतूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यांवरही काटेकोर कारवाईचे आदेश दिले.

लहान मुलांसाठीचा नियम मात्र अनेकांना माहीतच नाही. फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना त्यांच्या मापाचं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा सेफ्टी हार्नेस सक्तीचा आहे. असं मूल मागे असताना गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही.

बस्स. यापलीकडे तुमच्या अंगावर काय हवं, याबद्दल कायद्यात काही नाही. हातमोजे, बूट, जॅकेट ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

हेल्मेटसक्तीलाच आपल्याकडे किती विरोध होतो, तेही आठवून पाहा. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली. पंपचालकांनी विरोध केला आणि निर्णय मागे पडला. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ लोक रस्ते अपघातांत गेले. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ आणि त्यात १४,३३७ जण मागे बसलेले. म्हणजे हेल्मेटचीच लढाई अजून संपलेली नाही. त्यामुळे बाकीच्या कपड्यांचा विषय निघतच नाही.

पडल्यावर अंगाचं काय होतं?

थोडं गणित करूया. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर असतं. गाडी उभी असताना जरी तो आडवा झाला, तरी डोकं जमिनीवर आदळेपर्यंत त्याचा वेग ताशी जवळपास २० किलोमीटर झालेला असतो. म्हणून ‘गल्लीतच तर जायचंय’ या वाक्याला अर्थ नाही. डोक्याला गल्ली आणि हायवे यातला फरक कळत नाही.

आता घसरण्याचं गणित. गाडी ताशी ५० च्या वेगाने आहे आणि तुम्ही पडलात. कपडे आणि डांबर यांच्यातलं घर्षण ०.७ च्या आसपास धरलं, तर तुम्ही साधारण १४ मीटर घसरत जाता आणि थांबायला दोन सेकंद लागतात.

दोन सेकंद कमी वाटतात. पण साधी जीन्स डांबरावर एक सेकंदही धड टिकत नाही. म्हणजे उरलेला वेळ रस्त्याशी गाठ थेट कातडीची असते. पातळ लेगिंग, सुती शर्ट, फॉर्मल पँट यांचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. तुलनेसाठी एक आकडा पाहा. युरोपातल्या एका जुन्या मानकात गुडघे, कोपर, खांदे अशा जास्त धोक्याच्या भागांवरचं कापड घासण्याच्या चाचणीत किमान ४ सेकंद टिकावं लागायचं.

जॅकेट-ग्लोव्हजचा खरंच उपयोग होतो का?

या विषयावरचा सर्वात जास्त उल्लेख होणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे. लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी कॅनबेरा परिसरात अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांची माहिती घेतली आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. मोटारसायकलसाठी बनवलेलं जॅकेट घातलेल्यांना हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी होती. रायडिंग पँट असेल तर ५१ टक्क्यांनी आणि ग्लोव्हज असतील तर ५९ टक्क्यांनी कमी.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अपघातात सुमारे ३० टक्के जॅकेट आणि साधारण चौथा हिस्सा ग्लोव्हज फाटले किंवा निकामी झाले. म्हणजे ‘रायडिंग जॅकेट’ असं नुसतं लेबल असून भागत नाही, दर्जाही लागतो.

मर्यादाही समजून घ्या. ट्रकच्या चाकाखाली आलेल्या माणसाला कोणतंही जॅकेट वाचवू शकत नाही. जोराच्या धडकेत हाड मोडायचं ते मोडतंच. हे कपडे मुख्यतः खरचटणं, कातडी सोलली जाणं, सांध्यांना मार लागणं कमी करतात. पण रोजंदारीवर किंवा मशीनवर काम करणाऱ्या माणसासाठी सोललेला तळहात म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी गेली.

आपण कपडे हवामानासाठी घालतो, पडण्यासाठी नाही

आपले लोक गाडीवर काहीच घालत नाहीत, असं अजिबात नाही. मे महिन्यात जालना रोडच्या कोणत्याही सिग्नलवर उभं राहा. मुली-बायका पांढऱ्या सनकोटात, चेहऱ्याला स्कार्फ, हातात सुती मोजे. पुरुषांच्या तोंडाला रुमाल किंवा डोक्याला गमछा. जून उजाडला की रेनकोट बाहेर.

म्हणजे गाडीवर बसताना वेगळं काहीतरी घालायची सवय आपल्याकडे आधीच आहे. फक्त ते सगळं उन्हासाठी आणि पावसासाठी असतं. सुती हातमोजे ऊन अडवतात, डांबर नाही. सनकोट त्वचा काळवंडू देत नाही, पण घसरताना क्षणात फाटतो.

काही वेळा तर हवामानासाठी घातलेलं कापडच धोका ठरतं. मागे सुटलेली ओढणी, लोंबणारा पदर, सनकोटचा उडणारा घेर, फडफडणारा पोंचो चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकतो. हे सरकारलाही माहीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण गाडीला हवं. तेच आपलं साडी गार्ड. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून ते काढून टाकणारे आधी हा नियम वाचतील तर बरं.

उन्हाळा: ४० अंशांत जॅकेट घालायचं कसं?

मराठवाड्यात सगळ्यात मोठा आक्षेप हाच असतो आणि तो खोटा नाही. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. अशा वेळी जाड काळं जॅकेट घालून सिग्नलवर उभं राहणं म्हणजे शिक्षाच.

पण हवेचं तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेलं, की उघड्या अंगावर लागणारा वारा गार करण्याऐवजी तापवायला लागतो. घाम झपाट्याने उडतो आणि शरीरातलं पाणी कमी होतं. म्हणून सनकोट घालणाऱ्या बायकांचं बरोबर आहे, उन्हात अंग झाकलेलंच बरं. प्रश्न फक्त कशाने झाकायचं, एवढाच.

याला उत्तर म्हणजे मेश जॅकेट. यात छाती, पाठ आणि बाह्यांना जाळीदार मजबूत कापड असतं, त्यामुळे चालत्या गाडीवर वारा आत खेळतो. खांदे आणि कोपरांना पॅड असतात. काळ्याऐवजी फिकट रंग घ्या. लांब जायचं असेल तर आतला सुती टी-शर्ट ओला करून घाला, बराच वेळ गारवा राहतो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून ‘मोटोकॅप’ नावाने दुचाकीच्या कपड्यांना तारे दिले जातात. तिथे संरक्षणाचे तारे वेगळे आणि उष्णतेत ते किती सहन होतं याचे वेगळे. कारण साधं आहे. कपाटात टांगलेलं महागडं जॅकेट कोणालाच वाचवत नाही. तुम्ही मे महिन्यातही रोज घालाल, तेच तुमच्यासाठी चांगलं जॅकेट.

पावसाळा: पहिला पाऊस सगळ्यात निसरडा

पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेलं ऑइल आणि धूळ पाण्यात मिसळते आणि डांबर साबणासारखं होतं. आपल्याकडे त्यात काळ्या मातीची भर. शेतातून किंवा बांधकामावरून येणारे ट्रॅक्टर आणि डंपर चाकांबरोबर चिखल रस्त्यावर आणतात. दौलताबाद-खुलताबादच्या वळणांवर असा चिखल दिसला तर ब्रेक हलक्या हातानेच.

पावसासाठी कपडे घेताना चार गोष्टी पाहा.

• पोंचो नको, शर्ट आणि पँट असा दोन भागांचा रेनकोट घ्या. मनगट आणि घोट्याशी तो आवळता आला पाहिजे.
• रेनकोट जॅकेटच्या वरून घालायचा असेल तर एक माप मोठा घ्या. आतल्या अस्तराचा रेनकोट अंग कोरडं ठेवतो, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्यात थंडी भरते.
• रंग काळा किंवा गडद निळा नको. ढगाळ संध्याकाळी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो दिसतच नाही.
• रात्री काळी काच नको. हेल्मेटची काच पारदर्शक हवी आणि ओरखड्यांनी भरली असेल तर बदला. आतून वाफ धरत असेल तर अँटी-फॉग फिल्म लावा.

दिसण्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण त्याला आधार आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड भागात झालेल्या आणि २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात चमकदार किंवा रिफ्लेक्टिव्ह कपडे घालणाऱ्यांना अपघातात इजा होण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट असेल तर २४ टक्क्यांनी कमी. रिफ्लेक्टिव्ह जाकीट किंवा पट्टी काही शे रुपयांत मिळते. एवढ्या स्वस्तात सुरक्षिततेची दुसरी वस्तू सापडणं कठीण.

आणि जानेवारी विसरू नका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आसपास दुचाकीस्वारांचे गळे कापल्याच्या बातम्या येतातच. त्या दिवसांत बंद कॉलरचं जॅकेट घाला किंवा गळ्याभोवती जाड मफलर नीट खोचून घ्या आणि वेग कमी ठेवा.

खरं आणि बनावट ओळखायचं कसं?

हेल्मेटचं सोपं आहे. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. हेल्मेटवर मानक क्रमांक आयएस ४१५१ आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा आहे का ते पाहता येतं. फुटपाथवरच्या स्वस्त टोपीवरही आयएसआयचं स्टिकर चिकटवलेलं सापडतं, म्हणून तपासाच. बांधकामावरची पिवळी टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे. शक्यतो हनुवटी झाकणारं फुल-फेस घ्या. जर्मनीतल्या एका अभ्यासात हेल्मेटवर बसलेल्या माराच्या सुमारे एक तृतीयांश खुणा चेहरा आणि हनुवटीच्या भागात होत्या.

जॅकेट आणि ग्लोव्हजना मात्र हेल्मेटसारखी आयएसआय सक्ती नाही. बाजारात दिसते ती युरोपची सीई खूण. ती वाचायची कशी?

• जॅकेट, पँट: ईएन १७०९२. पुढे ए, एए, एएए असे दर्जे असतात. जितके ए जास्त, तितकं संरक्षण जास्त, पण कापडही जड आणि गरम. शहरातल्या रोजच्या वापराला ए किंवा एए पुरतो. बी दर्जात पॅड नसतात, सी दर्जात फक्त पॅड असतात.
• खांदे, कोपर, गुडघ्याचे पॅड: ईएन १६२१-१, लेव्हल १ किंवा २. लेव्हल २ जास्त धक्का शोषतं.
• ग्लोव्हज: ईएन १३५९४. बूट: ईएन १३६३४.

एक गोम लक्षात ठेवा. अनेकदा सीई खूण फक्त आतल्या पॅडला असते आणि दुकानदार सगळं जॅकेटच ‘सीई’ म्हणून विकतो. दोन्हींवरची लेबलं वेगवेगळी वाचा. पाठीचा पॅड काढून दाबून पाहा, तिथे बऱ्याचदा नुसता फोम भरलेला असतो.

खिशात पैसे कमी असतील तर आधी काय घ्यायचं?

सगळं एकदम घ्यायची गरज नाही. खालचे आकडे अंदाजाचे आहेत, क्रम महत्त्वाचा.

१. हेल्मेट (१,०००-२,५०० रुपये): डोक्याला घट्ट बसणारं, पट्टा लावलेलं. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्के कमी होतो, असा कॉक्रेन या संस्थेचा आढावा सांगतो. मागे बसणाऱ्यासाठी दुसरं घ्या. मोठा मार बसलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला.

२. ग्लोव्हज (७००-१,५०० रुपये): तळहाताला चामड्याचा किंवा जाड थर आणि मनगटाला पट्टा असलेले. पडताना पहिला हातच टेकतो.

३. बूट: घोटा झाकणारे. वेगळे रायडिंग बूट परवडत नसतील तर कंपनीचे सेफ्टी शूज चालतील. चप्पल नकोच.

४. मेश जॅकेट (५,०००-८,००० रुपये): पैसे साठवून घ्या, पण दर्जाचं घ्या.

५. नी-गार्ड (१,०००-२,००० रुपये): पँटवरून बांधायचे, ऑफिसला पोचल्यावर काढता येतात.

रिफ्लेक्टिव्ह पट्टी यादीत नाही, कारण ती आजच घ्यायची आहे.

गेटच्या आत सेफ्टी, गेटच्या बाहेर?

आता मुद्दा थोडा मोठा. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात कामगाराला सेफ्टी शूज, ग्लोव्हज आणि गरजेप्रमाणे गॉगल दिला जातो. शॉप फ्लोअरवर चप्पल घालून कोणी येऊ देत नाही. शिफ्ट सुटली की तोच माणूस शूज लॉकरमध्ये ठेवतो, चप्पल घालतो आणि ट्रकच्या रांगांमधून पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवत घरी जातो. दिवसातला कदाचित सगळ्यात धोक्याचा अर्धा तास तो सगळ्यात कमी संरक्षणात काढतो.

कामावर येण्या-जाण्याचा रस्ता नोकरीचाच भाग आहे, हे कायद्यालाही मान्य आहे. कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर घर ते कामाचं ठिकाण या प्रवासातला अपघात ठरावीक अटींवर नोकरीतली इजा मानला जातो. म्हणजे अपघात झाल्यावर भरपाईची सोय आहे. अपघातात इजा कमी व्हावी म्हणून आधी काही देण्याची मात्र नाही.

इथे तीन गोष्टी सहज करता येतील. एक, कंपन्यांनी सेफ्टी शूज घरी न्यायला परवानगी द्यावी आणि कामगारांना सवलतीत ग्लोव्हज व रिफ्लेक्टिव्ह जाकीट द्यावं. खाण्याचे डबे आणि पार्सल पोचवणाऱ्या मुलांना ॲप कंपन्या लोगो असलेला टी-शर्ट देतात, त्याऐवजी मेश जॅकेट द्यावं. दोन, गाडी विकताना हेल्मेट द्यायचा नियम आधीपासून आहे. शोरूममध्ये सीट कव्हर आणि क्रोमच्या ॲक्सेसरीजच्या आधी ग्लोव्हज दाखवले जावेत. तीन, बीआयएसने आपल्या उन्हाचा विचार करून रायडिंग जॅकेटचं मानक लोकांपर्यंत पोचवावं, म्हणजे पैठण गेटच्या दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला युरोपचे नंबर पाठ करावे लागणार नाहीत.

थोडक्यात

हेल्मेट ही सुरुवात आहे, शेवट नाही. घसरण्याच्या दोन सेकंदांत तुमच्या आणि रस्त्याच्या मध्ये काय आहे, हा खरा प्रश्न. सनकोट आणि रेनकोट घालायची सवय आपल्याला आहेच. पुढच्या वेळी ते घेताना ‘ऊन-पाऊस अडेल का’ याबरोबर ‘पडलो तर टिकेल का’ आणि ‘चाकात अडकेल का’ हेही विचारा.

आणि घरात कोणी रोज गाडीवर शिफ्टला जात असेल, तर पुढच्या वाढदिवसाला मोबाइल कव्हरऐवजी ग्लोव्हज द्या.